तोन्कोत्सु रामेन चांगला आहे की नाही, हे वाडग्यासमोर बसून कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही टोक्योत नोकरीला आहात आणि आतापर्यंत तीन ठिकाणी तोन्कोत्सु, म्हणजे डुकराची हाडं उकळून केलेल्या सूपमधला रामेन, खाल्लात. पहिला ऑफिसजवळ: दाट, तपकिरी झाक असलेलं सूप, जाड नूडल्स, वर पालक आणि नोरीचे (समुद्री शेवाळाच्या पातळ पापडीचे) तीन तुकडे. तो बेहद्द आवडला. दुसरा मुद्दाम फुकुओकाला जाऊन, नागाहामाच्या मासळीबाजाराजवळ: सूप पातळ, वास उग्र, नूडल्स 'अर्धकच्च्या', आणि पंधरा मिनिटांत खाऊन बाहेर. तिसरा सुट्टीत पुण्याला आलात तेव्हा एका जपानी रेस्तराँत: पांढराशुभ्र, मलईदार, वास अजिबात नाही, आणि बिल पहिल्या दोन्हींच्या बेरजेहून जास्त. ऑफिसातला जपानी सहकारी म्हणतो, फुकुओकाचा तोच खरा. मग तोच मला सगळ्यांत कमी का आवडला, असं तुम्ही विचारता. आणि पुढच्या वेळी बरं-वाईट ओळखायचं कशावरून?

मी फुकुओकातल्या एका रामेनच्या दुकानात बरीच वर्षं काम केलं, त्यातली बहुतेक सूपच्या भांड्यापाशी गेली. त्यामुळे उत्तर भांड्याच्या बाजूने येणार, हे धरून वाचा.

तुमच्या आवडीत काही खोट नाही. घोळ झाला तो तिन्ही वाडग्यांना एकच माप लावल्यामुळे, आणि ते माप म्हणजे दाटपणा. नवख्या माणसाला हेच पहिलं सुचतं, जपानमध्येही कित्येक जण तेच लावतात: दाट म्हणजे हाडं जास्त, हाडं जास्त म्हणजे सूप भारी. पण दाटपणा आणायच्या पुष्कळ सोप्या वाटा आहेत आणि त्यातल्या निम्म्या हाडांपर्यंत जातच नाहीत. मी वाडग्यात दोन गोष्टी बघतो. सूप मिळून आलंय का, आणि त्या सूपला ह्याच नूडल्स हव्या होत्या का. बाकीचं त्यानंतर.

त्याआधी एक अट. वाडगा कुठल्या घराण्याचा आहे हे कळल्याशिवाय त्याला मार्क देता येत नाहीत. तोन्कोत्सु सुरू झाला फुकुओका प्रांतातल्या कुरुमे गावात. 1937 मध्ये तिथे 'नानकिन सेनर्यो' नावाची गाडी लागली, तिचे मालक मियामोतो तोकिओ हे मूळचे नागासाकी प्रांतातल्या शिमाबाराचे. नागासाकीच्या चांपोन नावाच्या नूडल्सच्या पदार्थात डुकराच्या हाडांचं सूप असतंच, ते त्यांनी पूर्वेकडच्या चिनी पद्धतीच्या नूडल्सशी जोडलं. पण ते सूप आजच्यासारखं गढूळ पांढरं नव्हतं. पांढरं सूप 1947 च्या सुमाराचं, तेही कुरुमेचंच. 'सान्क्यू' नावाच्या गाडीवर मालक बाहेर गेलेले असताना भांडं जास्त जोरात उकळलं, सूप पांढरं झालं, फेकून द्यायच्या आधी चाखलं तर उत्तम लागलं, असं सांगतात. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा, पण तिच्यातलं शास्त्र बरोबर आहे. मंद आचेवर सूप निवळ राहतं, खळखळ उकळलं की पांढरं होतं.

तिथून फाटे फुटले. कुरुमेत 'योबिमोदोशी' ही पद्धत रुजली: भांडं पूर्ण रिकामं करायचंच नाही, जुन्या सूपमध्ये नवं घालत राहायचं. वास आणि चव खोल होते, रंग तपकिरीकडे जातो. कुमामोतोत लसूण तळून काळं तेल आलं आणि नूडल्स जाड झाल्या. नागाहामात गिऱ्हाईक मासळीबाजारातलं, घाईतलं. त्यामुळे तिथे क्षणात शिजणाऱ्या बारीक नूडल्स आणि पटकन पिता येईल असं हलकं सूप. तुम्ही ज्याला पातळ म्हणालात, ते तिथलं वळणच आहे. आणि टोक्योतला तुमचा लाडका वाडगा? पालक, तीन नोरी, जाड नूडल्स, सोया सॉसची तपकिरी झाक, वर कोंबडीच्या चरबीचा तवंग: ही सगळी 'इएकेई'ची लक्षणं. हे घराणं 1974 मध्ये योकोहामात 'योशिमुराया'पासून सुरू झालं, क्यूशूचं (फुकुओका ज्या बेटावर आहे त्याचं) हाडांचं सूप आणि टोक्योकडचा सोया सॉस एकत्र करून. तेव्हा सहकाऱ्याचं म्हणणंही अर्धंच बरोबर. फुकुओकाचा वाडगा त्याच्या घराण्यातला खरा होता, तुमचा इएकेई त्याच्या घराण्यातला.

आता वाडग्यासमोर बसू या.

सुरुवात नाकापासून, आणि तीही दाराबाहेर. तोन्कोत्सुच्या दुकानाला वास असतोच. हाडं तासन्‌तास उकळतात, मज्जा विरघळते, चरबी वाफेबरोबर उडून भिंतींवर बसते. फुकुओकात काही गल्ल्यांत पाटी दिसायच्या आधी वास येतो. नवखा माणूस सगळ्या वासाला एकच नाव देतो, 'घाण'. त्यात वेगवेगळे वास असतात आणि ते सुटे करता आले की निम्मं काम झालं. हाडांचा, मज्जेचा जड आणि जरा आंबूस वास म्हणजे जुनं सूप. योबिमोदोशीच्या दुकानात तो हवाच. खवट वास, जुन्या तळणीच्या तेलासारखा, म्हणजे चरबी खराब झालेली, भांड्याच्या काठावरचा थर नीट काढलेला नाही. रक्ताचा वशट, लोखंडी वास म्हणजे हाडं भिजवून, एक उकळी काढून, धुऊन घेतलेली नाहीत. आणि करपट वास म्हणजे तळाशी हाडं चिकटली आणि कुणी ढवळलं नाही. ह्यातला पहिला तुम्हाला आवडेल किंवा नाही आवडणार, तुमची मर्जी. बाकीचे तीन दोष आहेत, कुठल्याही घराण्यात. नागाहामाला तुम्हाला कुठला आला होता ते तुम्हीच आठवा. 'उग्र' एवढ्यावरून मला सांगता येणार नाही.

ह्या धुण्यावर जरा थांबतो, कारण बाहेरून ते दिसत नाही आणि चव तिथेच ठरते. मांडीची नळी, जिला तिकडे गेन्कोत्सु म्हणतात, ती फोडून मज्जा मोकळी करतात. बरोबर कणा, डोकं, कधी पाय. डोक्याने चवीला खोली येते, पायांनी चिकटा, कण्याला लागून मांस असतं त्याने गोडवा. हाडं पाण्यात भिजवून रक्त उतरवायचं, एक उकळी काढून ते पाणी मळीसकट ओतून द्यायचं, मग कण्याच्या खाचांत अडकलेलं काळपट रक्त बोटाने, ब्रशने काढायचं. गार पाण्याच्या नळाखाली हे काम करताना बोटं बधिर होतात, म्हणून कुणाला आवडत नाही, आणि दुकान आळसावलं की पहिली काटछाट इथेच होते. त्यानंतर मोठ्या आचेवर बारा-पंधरा तास, कुठे त्याहून जास्त. सूप आटेल तसं पाणी घालायचं आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीने तळापासून ढवळायचं. सुरुवातीला हाडं फळीला अडतात. उत्तररात्री तीच हाडं फळीच्या नुसत्या दाबाने मोडतात.

वाडगा समोर आला की लगेच ढवळू नका. रंग पाहा. नीट धुतलेल्या हाडांचं सूप हस्तिदंती किंवा फिकट बदामी असतं. राखाडी, मळकट झाक असेल तर धुण्यात कसूर आहे. पांढराशुभ्र रंग ही चांगली खूण समजली जाते, मला मात्र तो पाहून शंका येते. हाडातलं कॅल्शियम उतरून सूप पांढरं होतं, अशी एक समजूत आहे, ती चुकीची. उकळीच्या जोराने चरबीचे अतिबारीक थेंब होतात, हाडांतल्या आणि कातड्यातल्या कोलाजेनचं जिलेटिन होतं, ते जिलेटिन थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. त्या थेंबांवरून प्रकाश विखुरतो म्हणून पांढरेपणा. सूप मिळून येणं म्हणतो ते हेच. पण हाच परिणाम पातळ सूपमध्ये चरबी घालून मिक्सर फिरवूनही मिळतो, आणि दूध किंवा कॉफीत घालतात ती क्रीमर पावडर घालून तर फारच सहज.

म्हणून रंगावर विसंबायचं नाही. चमचा घ्या, वरवरचा तवंग बाजूला सारून खालचं सूप घ्या. तवंग असणं हा दोष नाही. पुष्कळ दुकानं शेवटी मुद्दाम वासाचं तेल किंवा डुकराची चरबी वरून सोडतात. बघायचं ते त्याच्या खालचं सूप. ते चमच्यात एकसारखं दिसतं, की तेलाचे डोळे वेगळे आणि पाणी वेगळं? एकसारखं असेल तर घोट घ्या आणि ओठ मिटा. चांगल्या तोन्कोत्सुने दोन-तीन घोटांत ओठ एकमेकांना किंचित चिकटतात. मुंबईत रमजानच्या दिवसांत मोहम्मद अली रोडवर रात्रभर शिजलेला पाया खाल्ला असेल तर हा चिकटा तुमच्या ओळखीचा आहे, जिलेटिन तेच, जनावर वेगळं. स्टार्चने आणलेला दाटपणा जिभेवर बुळबुळीत बसतो, ओठांना चिकटा देत नाही. क्रीमरचं सूप पहिल्या घोटाला छान, गोडसर लागतं, आणि गिळल्यावर मागे काही उरत नाही. हाडांचं सूप गिळल्यानंतर घशाशी परत एकदा चव देतं.

आणि पातळ सूपचं काय? हाच मुद्दा तुमच्या नागाहामाच्या वाडग्याला लागू होतो. पातळ सूपही मिळून आलेलं असू शकतं. त्यात हाडांचा अंश कमी, पाणी जास्त, पण चरबी आणि पाणी एकजीव, ओठांवर हलका का होईना चिकटा, घशाशी चव. तो हलकेपणा मुद्दाम ठेवलेला असतो. उलट दाट सूपही फुटलेलं असू शकतं. तोंडात आधी तेल येतं, मग खारट पाणी. बरीच स्वयंपाकघरं सूपचा दाटपणा हातातल्या छोट्या रीफ्रॅक्टोमीटर नावाच्या उपकरणावर, ब्रिक्स ह्या एककात मोजतात, मीही मोजायचो. आकडा रोजचं सूप सारखं राहावं म्हणून उपयोगी आहे. सूप फुटलंय का, हे तो सांगत नाही. त्याला चमचाच लागतो.

एक सावधगिरी. तोन्कोत्सु दिसायला निवांत असतो, वाफ फारशी दिसत नाही, कारण वरचा चरबीचा थर ती दाबून धरतो. पहिला घोट छोटा घ्या. जीभ भाजली की पुढचं परीक्षण तिथेच संपलं. आणि खरोखर कोमट असेल तर तो मोठा दोष धरा: वाडगा आधी गरम केलेला नव्हता, किंवा भरून ठेवून कुणाची तरी वाट बघत होता.

मग मीठ. सूपच्या भांड्यात मीठ नसतं, ते अगदी अळणी असतं. वाडग्याच्या तळाशी आधी 'तारे' घालतात, म्हणजे मीठ, सोया सॉस, कोम्बू (सुकवलेलं समुद्री शेवाळ), सुकी मासळी वगैरेंचं तीव्र मिश्रण, आणि त्यावर गरम सूप ओततात. तारेची पळी थोडी कमी-जास्त झाली की वाडगा बिघडतो. गर्दीच्या वेळी 'आज खारट लागलं' ह्या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच. पण निवाडा पहिल्या घोटाला करू नका. चरबी मीठ झाकते, आणि सूप निवत जातं तसं ते जास्त जाणवायला लागतं. अर्ध्या वाडग्यापाशी परत चाखा. तिथेही समतोल असेल तर तारे घालणाऱ्याचा हात चांगला. अजिनोमोटो आहे का, हे शोधत बसू नका. रामेनच्या बहुतेक दुकानांत असतं, आणि ते आहे म्हणून सूप वाईट ठरत नाही. सूपमध्ये तेच एक असेल, तर ठरतं.

नूडल्सवर जास्त बोलावं लागेल, कारण 'अर्धकच्च्या' ही तुमची तक्रार तिथली आहे. हाकाता (फुकुओका शहराचाच एक भाग) आणि नागाहामाच्या नूडल्स बारीक, सरळ आणि कोरड्या पिठाच्या. पिठात पाणी साधारण 26 ते 30 टक्के, म्हणजे फारच कमी. फुकुओका प्रांताने तर रामेनसाठी म्हणून 'रा-मुगी' नावाचा गहू विकसित केलाय, इतकं ह्या नूडल्सचं तिथे महत्त्व. कोरड्या पिठाचे दोन परिणाम होतात. एक, चावताना तटकन तुटतात, आत जरा कणी लागते, गव्हाची चव येते. रबरासारखा ताण त्यांच्यात नसतो आणि असूही नये. दोन, त्या सूप झपाट्याने शोषतात. सहा-सात मिनिटं गप्पा मारल्या की मऊ पडल्याच. म्हणून तिथे वाडग्यात नूडल्स मुळात कमी देतात, संपल्या की उरलेल्या सूपमध्ये 'काएदामा' म्हणजे नूडल्सची दुसरी खेप मागवायची. ही रीत नागाहामाचीच. काही जुन्या दुकानांत टेबलावर तारेची छोटी किटली असते, कारण दुसऱ्या खेपेबरोबर आलेल्या पाण्याने सूप फिकं होतं.

कडकपणा तुम्ही ठरवायचा असतो, तो न सांगितल्यामुळे दुकानाचा नेहमीचा मिळाला असणार, आणि नागाहामात नेहमीचाच कडक वाटतो. मऊकडून कडककडे क्रम असा: यावा, फुत्सू, काता, बारीकाता, हारीगाने, कोनाओतोशी. शेवटच्यात नूडल्स आधणात बुडवून जवळपास लगेच बाहेर, वरचं पीठ झटकलं एवढंच. यूट्यूबवर पाहून पोरं पहिल्याच वाडग्याला कोनाओतोशी मागतात. माझं मत विचाराल तर ती हौस आहे, चव नाही. न शिजलेलं पीठ सूपमध्ये उतरतं आणि ज्याने रात्रभर सूप केलं त्याच्या कामावर पाणी पडतं. पारख करायची असेल तर पहिला वाडगा फुत्सू किंवा काता. काएदामा हवी तेवढी कडक घ्या.

नूडल्स वर उचला. सुट्या येतात की गुंता होऊन? चांगल्या हाताने टाकलेल्या नूडल्स वाडग्यात केस विंचरल्यासारख्या एका दिशेला पडलेल्या असतात. पाणी नीट झटकलेलं नसेल तर नूडल्सच्या जवळचं सूप कडेच्या सूपपेक्षा फिकं लागतं, दोन्हीकडचा एकेक चमचा घेऊन पाहा. काउंटरवर बसला असाल तर नूडल्स उकळायच्या पाण्याकडे नजर टाका. ते पेजेसारखं झालं असेल आणि कुणी बदलत नसेल, तर नूडल्स चिकट आणि पिठाळ लागणार, गहू कितीही चांगला असो.

मग भुरका मारा, आवाज होऊ दे. बारीक नूडल्सच्या दोन धाग्यांच्या फटीत सूप अडकून वर येतं, म्हणून हलक्या सूपलाही तोंडात पुरेशी चव मिळते. हे गणित उलटं करून पाहा. तुमच्या इएकेईच्या दाट, खारट सूपमध्ये ह्या बारीक नूडल्स घातल्या तर प्रत्येक घासाला सूप जास्त येईल आणि चौथ्या घासाला तोंड फिरेल. तिथे जाड नूडल्सच हव्यात, चावायला वेळ लागणाऱ्या, पृष्ठभाग कमी असलेल्या. आणि नागाहामाच्या सूपमध्ये जाड नूडल्स घातल्या तर नुसतं पीठ खाल्ल्यासारखं होईल. सूप आणि नूडल्सची जोडी म्हणतो ती ही. दाट सूप आणि उत्तम नूडल्स असूनही वाडगा फसतो, तेव्हा बहुतेकदा ही जोडी चुकलेली असते. पुण्याचा तुमचा वाडगा, पांढऱ्या मलईदार सूपमध्ये पिवळ्या वळणदार नूडल्स असं तुम्ही लिहिलंय, तिथे मला हीच शंका येते. पिवळ्या वळणदार नूडल्स साप्पोरोच्या मिसो रामेनच्या. एकच नूडल सगळ्या रामेनला वापरत असतील.

वरच्या सजावटीवर फार वेळ घालवू नका. चाशू, म्हणजे मांसाचा काप, हाकातात पातळच असतो. तो फ्रीजमधून थेट वाडग्यात आला असेल तर त्याच्या कडेची चरबी पांढरी, गोठलेली दिसते आणि भोवतीचं सूप गार होतं, एवढं बघा. किकुरागे म्हणजे काळी अळंबी, ती कुरकुरीत हवी. कांद्याची पात बारीक आणि ताजी. अंडं छान असलं तर आनंदाने खा, पण हाकाताच्या साध्या वाडग्यात ते असायलाच हवं असं नाही, त्यावर मार्क नकोत. लाल आलं, ताकाना (मोहरीच्या पाल्याचं तिखट लोणचं), कुटलेले तीळ, लसूण हे सगळं टेबलावर असतं आणि ते सगळं उशिरा घालायचं. हाकातात काही दुकानदार सूप चाखायच्या आधी ताकाना घालणाऱ्यावर चिडतात. चिडणं जरा जास्तच, पण कारण रास्त आहे. एक चिमूट ताकानाने सूपमधले सगळे दोष झाकले जातात, आणि गुणही.

शेवटी तळ. सूप सगळं संपवायची सक्ती नाही. मीठ पुष्कळ असतं आणि न संपवल्याने कुणाचा अपमान होत नाही. पण थोडं खालपर्यंत जा. तळाशी रव्याहून बारीक, करड्या रंगाचा गाळ बोटांत जाणवला तर ती हाडांची भुकटी, हाडं पार मोडेपर्यंत उकळल्याची खूण. नसली तरी दोष नाही, हल्ली अनेक दुकानं बारीक गाळतात. दाताखाली टोचणारे तुकडे आले तर मात्र गाळणाऱ्याने कामचुकारपणा केलाय.

आता ज्याला नेमकं उत्तर नाही ते. स्वतः सूप उकळणाऱ्या दुकानाचा वाडगा दिवसभर सारखा राहत नाही. दुपारचं सूप आणि रात्रीचं सूप ह्यांत फरक पडतो, पावसाळी दमट दिवशी आणि कोरड्या थंडीत आटण्याचा वेग बदलतो. म्हणून एका भेटीत दुकान निकालात काढू नका. साखळी दुकानं सूप मध्यवर्ती स्वयंपाकघरात करून पाठवतात, म्हणून ती खोटी असंही नाही. उलट नवख्याला मी तिथूनच सुरुवात करायला सांगतो. इचिरान आणि इप्पुदो दोन्ही फुकुओकाची, दोन्हीकडे सूप मिळून आलेलं, वास आवरलेला, आणि आज खाल्लं तसंच पुढच्या महिन्यात मिळतं. इचिरानमध्ये चवीचा, दाटपणाचा, कडकपणाचा फॉर्म भरून देता येतो. पहिल्यांदा सगळीकडे मधला पर्याय निवडा. ती चव जिभेवर बसली की पुढचा प्रत्येक वाडगा तिच्यापासून कुठल्या दिशेला गेलाय हे सांगता येतं.

पुण्याच्या वाडग्याबद्दल न खाता निकाल देणं बरोबर नाही, पण काही गोष्टी बाहेरूनही ताडता येतात. मेनूत सुशी, तेम्पुरा, करी आणि पाच प्रकारचे रामेन असतील, तर आत कुठेतरी एक मोठं भांडं रात्रंदिवस खळखळ उकळतंय ही शक्यता कमी. गॅस लागतो, जागा लागते, राखणारा माणूस लागतो, आणि सगळ्या हॉटेलात तो वास भरतो. तुमच्या त्या जागेला वासच नव्हता. बहुधा तयार काॅन्सन्ट्रेट पातळ करून, त्यात क्रीमसारखं काही घातलं असावं. ते खाण्यात गैर काही नाही, त्याला हाडांच्या सूपचे पैसे लावणं मला पटत नाही. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी पार्सल घ्या आणि थोडं सूप वाटीत काढून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. हाडांचं दाट सूप सकाळी जेलीसारखं थरथरतं आणि अपारदर्शक राहतं. खाली पाणी आणि वर चरबीचा जाड पांढरा थर असेल तर ते कधी मिळून आलंच नव्हतं.

मोबाइलवर टिपून ठेवायचं असेल तर क्रम असा: दारात वास, न ढवळता रंग, तवंगाखालचा घोट आणि ओठांचा चिकटा, काता नूडल्सचा भुरका, अर्ध्यावर मिठाची परत चाचणी, मग लाल आलं वगैरे, सर्वांत शेवटी तळ. हे सगळं खातखातच होतं. वाडगा समोर ठेवून तपासत बसलात तर नूडल्स मऊ पडतील आणि दोष दुकानाच्या माथी जाईल. तुमचा इएकेई आवडता आहे तर खुशाल आवडू द्या. फक्त पुढच्या वेळी तिथे तेल नेहमीपेक्षा कमी सांगून पाहा, सूप स्वतःच्या बळावर उभं आहे का ते कळेल. आणि नागाहामाला परत जाल तेव्हा जेवायला म्हणून जाऊ नका, रात्री उशिरा, थोडी भूक ठेवून जा, आणि काएदामा मागवा.

तुम्ही जाता जाता विचारलंय की पत्नी डुकराचं मांस खात नाही, तर कोंबडीचं असंच पांढरं सूप चालेल का. चालेल. त्याला तोरी पाइतान म्हणतात. ते कोंबडीचे सांगाडे आणि पाय ह्याच पद्धतीने खळखळ उकळून करतात, आणि वरच्या बहुतेक कसोट्या त्यालाही लागतात. वास सौम्य, चिकटा मात्र तितकाच, कधी जास्तही. पण नुसत्या नावावर जाऊ नका. त्या वाडग्यावरही चाशू बहुधा डुकराचाच ठेवतात, वासाचं तेल डुकराच्या चरबीचं असू शकतं आणि तारेतही मांसाचा अंश असू शकतो. मागवतानाच 'बुतानिकु' आणि 'रादो' ह्या दोन्हींबद्दल विचारा, पहिलं डुकराचं मांस, दुसरं चरबी. गर्दी नसेल तर दुकानदार नीट सांगतात.